टंकी सोडून इंडक्शन घ्यावं का? आधी लाइट बिलातला १५० चा आकडा बघा

इंदूरच्या सुदामानगरातून एका ताईंचं पत्र आलंय. घरात पाच माणसं: नवरा-बायको, दोन मुलं, सासूबाई. गॅसची टंकी साधारण पस्तीस दिवस पुरते. भाव वाढत चाललेत म्हणून पुण्याच्या भावानं सुचवलंय की गॅस सोडा आणि विजेवर या. दुकानातून दोन शेगड्यांचा इंडक्शन हॉब आणि त्यावर चालणारी भांडी मिळून २४ हजारांचं कोटेशन आलंय, हप्त्यांची सोय आहे. त्यातच गल्लीत पाइपचा गॅस आलाय आणि कंपनीची माणसं अर्ज भरा म्हणतायत. ताईंनी २०२५-२६ च्या वर्षभराच्या लाइट बिलांचे फोटोही पाठवलेत. त्या विचारतात, "तिन्हींतलं स्वस्त कोणतं? हॉब घेऊन टाकू का?"

ताई, हॉब घेऊ नका. निदान आत्ता आणि एवढा एकच बदल म्हणून तर नकोच. कारण तुमच्याच बिलांत आहे.

डिसेंबरचं बिल काढा. युनिट १३०, रक्कम तीनशेच्या आसपास. आता मे महिन्याचं त्याच्या शेजारी ठेवा. युनिट २२८, रक्कम एकोणीसशेच्या आसपास. युनिट वाढले ९८ आणि बिल वाढलं सोळाशे रुपयांनी. म्हणजे वरच्या प्रत्येक युनिटला तुम्ही सोळा रुपये मोजलेत. २०२५-२६ च्या दरपत्रकात कुठेही सोळा रुपये असा दर नव्हता. पहिल्या ५० युनिटांना साडेचारच्या आत, पुढे १५० पर्यंत साडेपाचच्या आत, ३०० पर्यंत पावणेसातच्या जरा वर आणि त्यापुढे सातच्या जवळ असे टप्पे होते. मग हे सोळा आले कुठून?

अटल गृह ज्योती योजनेतून. मध्य प्रदेशात महिन्याचा वापर १५० युनिटांच्या आत राहिला, तर पहिली १०० युनिटं शंभर रुपयांत मिळतात आणि वरच्या युनिटांना नेहमीचा दर लागतो. पण वापर १५० च्या वर गेला की सवलत फक्त वरच्या युनिटांपुरती जात नाही, पूर्ण जाते. पहिली शंभर युनिटंसुद्धा पूर्ण दरानं लागतात. शिवाय १५० च्या पुढे स्थिर आकाराची रीतच बदलते. त्याच्या आत जोडणीमागे ठरावीक रक्कम असते. पुढे मात्र दर १५ युनिटांमागे ०.१ किलोवॅट भार धरतात आणि त्या प्रत्येक ०.१ ला शहरात पंचवीस-तीस रुपये लावतात. बिलावर ही रक्कम वेगळ्या ओळीत असते, म्हणून लोक ती युनिटच्या हिशेबात धरत नाहीत. पण वापर वाढला की तीही वाढते, तेव्हा युनिटमागे जवळपास दोन रुपये तिचेच धरायला हवेत. त्यावर वीज शुल्क. सगळं मिळून १५० च्या वरचं प्रत्येक युनिट तुम्हाला साडेनऊ रुपयांच्या घरात पडतं.

भावाचा हिशेब पुण्याला बरोबर असेलही. तिथले दर वेगळे, टप्पे वेगळे. इंदूरला युनिटचा सरासरी दर काढून उपयोग नाही. तुमच्या घरात वाढणारं पुढचं युनिट कुठल्या टप्प्यात पडतं, तेच बघावं लागतं.

आता गॅस विजेच्या मापात आणू. टंकीत १४.२ किलो गॅस, त्यातली उष्णता साधारण १८० युनिट विजेइतकी. पण ती सगळी भांड्यात जात नाही. चांगल्या शेगडीत साठ-पासष्ट टक्के पोचते, बाकीची ओट्यावरच्या हवेत. इंडक्शनची ८५ टक्क्यांच्या आसपास भांड्यात जाते. तेव्हा एका टंकीचा स्वयंपाक इंडक्शनवर १३५ युनिटांत होतो असं धरू. टंकी पस्तीस दिवस पुरते, म्हणजे तुमच्या घरी महिन्याला ११६ युनिटं. टंकीचा भाव हिशेबापुरता ९०० धरतो, म्हणजे गॅसचा महिन्याचा खर्च ७७० रुपये.

हे डिसेंबरच्या बिलावर घालून बघा. १३० अधिक ११६, झाले २४६. सवलत गेली, बिल दोन हजारांच्या वर. आज तीनशे भरताय, म्हणजे विजेचे साडेसतराशे वाढले आणि गॅसचे ७७० वाचले. महिन्याला जवळपास हजार रुपयांचा खड्डा, वर हॉबचा हप्ता. मेमध्ये सवलत आधीच गेलेली असते, म्हणून तोटा कमी दिसतो. तरी ११६ युनिटांचे हजार-अकराशे लागतील आणि वाचतील तेच ७७०.

टंकीचा भाव आणखी वाढला तर, हे तुम्ही विचारलंयत आणि ती भीती रास्त आहे. देशात वापरला जाणारा निम्म्याहून जास्त एलपीजी बाहेरून येतो, सौदी अरेबियाच्या मासिक भावावर आणि रुपयाच्या किमतीवर त्याची किंमत हलते. एप्रिल २०२५ मध्ये घरगुती टंकी एका फटक्यात ५० रुपयांनी वाढली, ते तुम्ही भोगलंच आहे. पण उन्हाळ्याच्या महिन्यांत इंडक्शन गॅसच्या बरोबरीला यायला टंकी पावणेतेराशेच्या आसपास जावी लागेल, आणि थंडीच्या महिन्यांत दोन हजारांच्या. तोवर वीजही जागेवर थांबणार नाही. तिचे दर वीज नियामक आयोग दर वर्षी ठरवतो आणि एप्रिलपासून लागू होतात.

ज्यांचा वापर महिन्याला सत्तर-ऐंशी युनिटांच्या आत आहे, त्यांचा हिशेब अगदी उलटा आहे. नवरा-बायको दोघंच, एक फ्रिज, दोन पंखे अशा घरात शंभरपर्यंतची उरलेली युनिटं शंभर रुपयांच्या आतच बसतात. त्यांनी दीड-दोन हजारांची एक इंडक्शन शेगडी घेऊन सकाळचा चहा, दूध, मॅगी आणि कुकर तिच्यावर हलवला, तर टंकी आठवडाभर जास्त चालेल आणि लाइट बिलात फारसा फरक पडणार नाही. तुमची गोष्ट तशी नाही. १३० वरून १५० पर्यंत वीस युनिटांची जागा आहे आणि त्या वीस युनिटांत गॅसच्या तुलनेत दहा-वीस रुपये वाचतील. एखाद्या महिन्यात पाहुणे आले, इस्त्री जास्त झाली आणि आकडा १५० ओलांडून गेला, तर सात-आठशे जातील. एवढ्याशासाठी तो धोका पत्करू नये.

हॉबबद्दल दुकानदारानं सांगितलं नसेल असं आणखी एक. दोन्ही शेगड्या एकदम लावल्या की साडेतीन किलोवॅटपर्यंत भार जातो. तुमच्या बिलावर मंजूर भार २ किलोवॅट दिसतोय. म्हणजे भार वाढवून घेणं, सोळा अँपियरची वेगळी लाइन ओढणं, हे आलंच. तुमचा हिंडालियमचा कुकर आणि अ‍ॅल्युमिनियमची पातेली त्यावर चालणार नाहीत. बुडाला लोहचुंबक चिकटलं तरच भांडं उपयोगाचं. आणि फुलका आचेवर फुगतो, काचेवर नाही. फुलके आचेवरच हवेत हे सासूबाईंचं म्हणणं तुम्ही "हट्ट" म्हणून लिहिलंय, पण पाच माणसांच्या पोळ्या रोज दोन वेळा होणाऱ्या घरात ती खरी अडचण आहे. शेवटी टंकीही ठेवावी लागते आणि हॉबही.

पाइपच्या गॅसकडे मात्र गांभीर्यानं बघा. इंदूरला तो अवंतिका गॅस देते, 'गेल' (GAIL) आणि हिंदुस्तान पेट्रोलियम या दोन सरकारी कंपन्यांची ही कंपनी. हिशेब एका भागाकाराचा आहे. एका टंकीची उष्णता साधारण १८ घनमीटर पाइप गॅसमध्ये मिळते. तुमच्या टंकीच्या भावाला १८ नं भागा. ९०० असेल तर ५० येतात. शेजारच्या काकूंचं पाइप गॅसचं ताजं बिल मागून घ्या, कर धरून घनमीटरचा दर काढा. तो ५० च्या बराच खाली असेल तर खुशाल अर्ज करा. ५० च्या आसपास असेल तर पैशाचा फायदा नाही. मग बुकिंगची कटकट नाही, जिन्यातून टंकी चढवणं नाही, वापरून झाल्यावर बिल, एवढ्या सोयीसाठी घ्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. वरचढ निघाला तर थांबा. भाव बदलले की हाच भागाकार पुन्हा करता येईल.

पाइपचा गॅस टंकीसारखा सौदीच्या भावाला थेट बांधलेला नाही. जुन्या देशी विहिरींतला गॅस घरगुती पाइप आणि सीएनजीसाठी आधी दिला जातो, आणि त्याची किंमत एप्रिल २०२३ पासून कच्च्या तेलाच्या भावाच्या दहा टक्के अशी ठरते, वर कमाल मर्यादा आहे. ती मर्यादाही हळूहळू वर सरकते. शिवाय देशी गॅस कमी पडला की कंपन्यांना महागडा आयात गॅस मिसळावा लागतो, म्हणून दर वाढतच नाहीत असं नाही. पण धक्के तुलनेनं कमी बसतात. अर्ज भरताना ठेवीतली किती रक्कम परत मिळते आणि किती नाही, ते लेखी घ्या. शेगडीचे जेट (गॅस सोडणारी बारीक तोंडं) बदलून देण्याचे पैसे वेगळे आहेत का, विचारा. टंकीची जोडणी परत केलीत तर तिची ठेव मिळते, त्यासाठी जोडणी घेतानाचं सबस्क्रिप्शन व्हाउचर, म्हणजे ठेवीची पावती, लागेल. जुन्या फायलीत शोधून ठेवा.

आता जे तुम्ही विचारलं नाहीत, पण मला बिलं बघताना सगळ्यात जास्त टोचलं, ते सांगतो. मार्चमध्ये १५८ युनिटं आणि ऑक्टोबरमध्ये १६३. दोन्ही महिन्यांचं बिल बाराशेच्या वर. आठ आणि तेरा युनिटांनी सवलत हातची गेली, दर वेळी आठ-नऊशे रुपये. तुमच्या घरातली गळती ही आहे.

घरात पाच पंखे, सगळे जुने, असं लिहिलंयत. जुना पंखा ७५ वॅट घेतो, कमी वीज खाणारा नव्या मोटरचा बीएलडीसी पंखा तीस-पस्तीस. सगळे बदलू नका. बैठकीतला आणि सासूबाईंच्या खोलीतला, जे दिवसभर फिरतात, तेवढे दोन बदला. दिवसाला बारा तास धरले तर दोघांमागे महिन्याला तीसेक युनिटं कमी होतात. मार्च आणि ऑक्टोबर दीडशेच्या आत येतात, तिथेच सतराशे-अठराशे. एप्रिल ते जून युनिटमागे साडेनऊच्या हिशेबानं आणखी आठ-नऊशे. पावसाळ्याचे महिने धरून वर्षाला तीन हजारांच्या आसपास. महाराणी रोडवर दोन पंखे सहा-सात हजारांत बसतील. २४ हजारांचा हॉब वर्षाला काही हजार खाणार आणि हे पंखे सव्वादोन वर्षांत आपले पैसे फेडून मोकळे होणार, मग पैसे कुठे घालायचे हे वेगळं सांगायला नको.

रीडिंगच्या तारखेवरही लक्ष ठेवा. १५० हा आकडा तीस दिवसांचा, म्हणजे दिवसाला पाच युनिटं. रीडिंग तेहतीस दिवसांनी झालं तर मर्यादाही त्या प्रमाणात १६५ धरली जायला हवी. बिलावर दिवस मोजा. फरक वाटला तर मीटरचा फोटो घेऊन वीज कंपनीच्या झोन ऑफिसात जा.

गच्ची तुमची स्वतःची आहे, म्हणून सौर ऊर्जेबद्दलही लिहितो. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत गच्चीवरच्या २ किलोवॅट सौर संचाला ६० हजार रुपये अनुदान आहे, आणि इंदूरच्या उन्हात २ किलोवॅटमधून महिन्याला सरासरी २४० युनिटं मिळावीत. नुसतं सौर बसवलं तर तुमच्यासारख्या घराला पैसे वसूल व्हायला वेळ लागतो, कारण वर्षातले सात महिने बिलच तीनशेच्या आसपास आहे. वाचणार तरी काय? नुसतं इंडक्शन घेतलं तर तोटा, हे वर पाहिलं. पण दोन्ही एकत्र केली तर गणित फिरतं. स्वयंपाकाची ११६ युनिटं गच्चीवरून येतात आणि गॅसचे वर्षाचे नऊ हजारही वाचतात. अनुदान वजा जाता सत्तर-ऐंशी हजार आणि हॉबचे २४, असे लाखभर रुपये घालायचे आणि ते सहा-सात वर्षांत फिटतील, असा माझा अंदाज आहे. पण तो कर्ज न काढता केलेल्या खर्चाचा आहे. मुलीची बारावी पुढच्या वर्षी आहे असं तुम्ही लिहिलंयत, त्यामुळे तिच्या प्रवेशाची फी बाजूला काढल्याशिवाय या लाखाला हात लावू नका. दोन वर्षांनी गच्ची तिथेच असेल.

तेव्हा हॉबच्या दुकानदाराला नाही म्हणून कळवा आणि हप्त्याच्या कागदावर सही करू नका. टंकी ऐन वेळी संपते म्हणून काही हवंच असेल, तर साधी एक इंडक्शन शेगडी घेऊन फडताळात ठेवा. या आठवड्यात शेजारच्या बिलावरून तो भागाकार करा आणि पंखे फेब्रुवारीच्या रीडिंगआधी बसवून घ्या. मार्चचं बिल आलं की फोटो पाठवा, १५० च्या आत किती जागा उरली ते बघून चहाची शेगडी चालवायची का, ते ठरवू.