मानवी तस्करी रोखायला देश एकमेकांना सहकार्य करतात म्हणजे नेमकं काय करतात? आणि तरी ती थांबत का नाही?

तुमचं म्हणणं असं की संयुक्त राष्ट्रं आहेत, इंटरपोल आहे, देशादेशांत करार आहेत, तरी माणसं विकली जातातच. मग हे सहकार्य नुसतं कागदावर असतं का? शिवाय शेवटी विचारलंय की घरातलं कुणी परदेशात अडकलं तर थेट इंटरपोलला कळवता येतं का. सुटका झालेल्या लोकांना मायदेशी परत पाठवायला मदत करणाऱ्या संस्थेत मी काम करते, त्यामुळे या यंत्रणेची मागची बाजू रोज दिसते. माझं मत आधीच सांगते: करार पुरेसे आहेत. घोडं अडतं ते वेगापाशी, आणि पलीकडच्या टोकाला फोन उचलणारा माणूस नसतो तिथे.

करारांचं थोडक्यात. पालेर्मो प्रोटोकॉल, म्हणजे मानवी तस्करीविरोधातला संयुक्त राष्ट्रांचा करार, २००० साली मंजूर झाला, डिसेंबर २००३ मध्ये लागू झाला आणि आज जगातले बहुतेक देश त्यात आहेत. त्याने सगळ्यांना एकच व्याख्या दिली: माणसाला भरती करणं, नेणं किंवा ठेवून घेणं, त्यासाठी धाक, फसवणूक किंवा हतबलतेचा गैरफायदा, आणि हेतू शोषणाचा. असे मार्ग वापरले असतील तर ‘तिने हो म्हटलं होतं’ हा बचाव चालत नाही. बळी अठरा वर्षांखालचा असेल तर फसवणूक सिद्ध करायचीही गरज नाही. हे पुस्तकी वाटेल, पण आरोपीचं प्रत्यार्पण मागायचं तर ते कृत्य सहसा दोन्ही देशांत गुन्हा असावं लागतं. एकीकडे अपहरण, दुसरीकडे मजुरीचा वाद आणि तिसरीकडे काहीच नाही, अशी गत असेल तर मागायचं तरी कशाच्या जोरावर?

इंटरपोलबद्दल सिनेमांनी बराच घोळ घालून ठेवलाय. इंटरपोलचे अधिकारी विमानातून उतरून कुणाला बेड्या घालत नाहीत. १९६ देशांच्या पोलिसांना जोडणारं ते निरोपांचं जाळं आहे. प्रत्येक देशात त्याचं एक राष्ट्रीय कार्यालय असतं आणि निरोप त्याच्यामार्फत जातो-येतो. रेड नोटीस म्हणजे अटक वॉरंट नव्हे; या माणसाला शोधा आणि तात्पुरतं ताब्यात घ्या, अशी ती विनंती. ती किती मनावर घ्यायची हे ज्या-त्या देशाचा कायदा ठरवतो. हरवलेल्या माणसांसाठी यलो नोटीस असते, आमच्या कामात तिचा उपयोग जास्त.

खरी गाडी अडते पुढे. पोलिसाने पोलिसाला सांगितलेली गोष्ट ही माहिती असते, कोर्टाला हवा असतो पुरावा. समजा, एका देशात कुलूप लावलेल्या कारखान्यात मजूर सापडले. एजंटचा फोन दुसऱ्या देशातला, पैसे गेले तिसऱ्या देशातल्या खात्यात. तिथला ओळखीचा अधिकारी संध्याकाळपर्यंत कळवतो की खातं अमक्याच्या नावावर आहे. छान! पण तोच खातेउतारा खटल्यात दाखल करायचा तर सरकारी वकिलाने रीतसर विनंतीपत्र लिहायचं. ते मंत्रालयात जायचं, त्याचं भाषांतर व्हायचं, मग पलीकडच्या मंत्रालयात, तिथून वकील, कोर्ट, बँक. आणि त्याच पायऱ्यांनी परत. यात महिने जातात, कधी वर्षही उलटतं. मोबाइल कंपन्या कॉलचे तपशील कायमचे जपून ठेवत नाहीत. विनंती योग्य टेबलावर पोचते तोवर ते पुसले गेलेले असतात आणि एजंट नव्या सिमवर नवी जाहिरात चालवत असतो.

यावर युरोपने काढलेला तोडगा मला सगळ्यात कामाचा वाटतो. दोन किंवा अधिक देशांचे पोलीस आणि सरकारी वकील एका करारावर सह्या करून संयुक्त तपास पथक बनवतात. मग पथकातल्या एकाने आपल्या देशात गोळा केलेला पुरावा दुसऱ्याला वेगळं विनंतीपत्र न पाठवता वापरता येतो. हेगमधली युरोजस्ट ही संस्था त्यांना भेटीगाठींचा आणि भाषांतराचा खर्च देते. भाषांतराच्या पैशावाचून तपास खोळंबतात हे बाहेरच्यांना खरं वाटत नाही, पण खोळंबतात. संयुक्त राष्ट्रांच्या संघटित गुन्हेगारीविरोधी करारातल्या कलम १९ ने ही सोय युरोपाबाहेरच्या देशांनाही दिली आहे. ती वापरणारे कमी, कारण आपल्या तपासात परका अधिकारी बसणार म्हटलं की सगळ्यांच्याच कपाळाला आठ्या पडतात.

आता घरातल्या घरात. संयुक्त राष्ट्रांच्या यूएनओडीसी या संस्थेचे अहवाल पाहिले तर सापडलेल्या पीडितांपैकी मोठा हिस्सा स्वतःच्याच देशात शोषला गेलेला असतो. म्हणजे सीमेपलीकडचं सहकार्य दूरच राहिलं, आधी एकाच शहरातली चार खाती एकमेकांशी बोलायला हवीत. ती कशी बोलत नाहीत ते सांगते. सुटका झालेल्या मुलीला त्याच रात्री पोलीस विचारतात, सगळं पहिल्यापासून सांग. दुसऱ्या दिवशी डॉक्टर विचारतात. मग निवारागृहाचे समुपदेशक, मग इमिग्रेशन, मग दूतावास. दर वेळी दुभाषा वेगळा. पहिल्या जबाबात ती म्हणते पावसाळ्यात नेलं, तिसऱ्यात जून लिहिला जातो, पाचव्यात ऑगस्ट. ती खोटं बोलत नसते. ज्या खोलीला खिडकी नाही तिथे महिने कोण मोजणार? पण उलटतपासणीत बचावाचा वकील तीन कागद शेजारी-शेजारी ठेवतो आणि साक्ष तिथेच संपते. प्रशिक्षित माणसाने एकदाच, चित्रीकरणासह जबाब घ्यायचा आणि बाकीच्या खात्यांनी तोच वापरायचा, हा उपाय कुणाला माहीत नाही असं नाही. पण प्रत्येक खात्याचा फॉर्म वेगळा आणि फॉर्म सोडायला कुणी तयार नसतं.

दुसरा गुंता इमिग्रेशनचा. कामगार निरीक्षक आला की मजूर मागच्या दाराने पळतात, कारण तो आपली नावं हद्दपार करणाऱ्यांना देईल ही त्यांना धास्ती. ती अनेक देशांत रास्तही आहे. शोषणकर्त्याचं मुख्य हत्यारच ते: पोलिसांकडे गेलास तर आत तूच जाशील. म्हणून युरोप परिषदेच्या २००५ च्या कराराने अशा व्यक्तीला किमान तीस दिवस दिले. त्या काळात देशाबाहेर काढायचं नाही, आणि तपासाला मदत करायची की नाही हे तिने शांतपणे ठरवायचं. या कराराची अंमलबजावणी तपासायला ग्रेटा नावाचा तज्ज्ञगट देशोदेशी जातो आणि नावानिशी ताशेरे ओढतो. पालेर्मोच्या बाबतीत आढाव्याची पद्धत ठरायलाच २०१८ उजाडलं.

सहकार्य चालतं आणि फसतं ते एकाच ठिकाणी बघायचं असेल तर म्यानमारमधलं, थायलंडच्या सीमेला लागून असलेलं म्यावाडी बघा. चांगल्या नोकरीचं आमिष दाखवून अनेक देशांतल्या तरुणांना थायलंडमार्गे तिथे नेलं आणि कोंडून ऑनलाइन फसवणुकीला जुंपलं. २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाचा अंदाज होता की म्यानमारमध्ये किमान १,२०,००० लोक अशा कामात अडकलेले असावेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये, चीनचा दबाव वाढल्यावर, थायलंडने सीमेपलीकडची वीज, इंटरनेट आणि इंधन तोडलं. हजारो लोक बाहेर आले. आणि मग? ज्यांच्या सरकारांनी विमानं पाठवली ते लवकर घरी गेले. ज्यांचा थायलंडमध्ये दूतावास नाही किंवा ज्यांच्या तिकिटाचे पैसे भरायला कुणी नाही, ते सीमेवरच्या छावण्यांत मागे राहिले. सुटका झाली म्हणजे माणूस घरी पोचला असं नसतं. मायदेशाने आधी ‘हा आमचाच’ म्हणायला हवं, आणि ज्याचा पासपोर्ट मालकाने काढून घेतलाय त्याची ओळख पटवायला गावात कुणीतरी जायला हवं.

थांबत का नाही, याचं निम्मं उत्तर पैशात आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२४ च्या अंदाजानुसार सक्तीच्या मजुरीतून वर्षाला २३६ अब्ज डॉलरचा बेकायदा नफा होतो. उरलेलं निम्मं, माझ्या मते, गणवेशात. २०१५ मध्ये थायलंड-मलेशिया सीमेवर तस्करांच्या छावण्या आणि थडगी सापडली. २०१७ मध्ये त्या खटल्यात थायलंडच्या लष्करातला लेफ्टनंट जनरल मानस कोंगपान दोषी ठरला, ही गोष्ट विरळाच. पण ज्या पोलीस अधिकाऱ्याने तपास केला, त्या पविन पोंगसिरिन यांना खटला संपण्याआधीच देश सोडून ऑस्ट्रेलियात आश्रय मागावा लागला. ज्याला फोन करायचा तोच अधिकारी वाटेकरी असेल तर विनंतीपत्र कितीही नीट लिहा.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. इंटरपोल सामान्य नागरिकाची तक्रार घेत नाही. आपल्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि ती राष्ट्रीय इंटरपोल कार्यालयाकडे पाठवा असं त्याच अर्जात स्पष्ट लिहा. त्याच दिवशी तो माणूस ज्या देशात असेल तिथल्या आपल्या दूतावासाला ईमेल करा, कारण दोघांपैकी आधी कोण हलेल याचा नेम नसतो. पासपोर्टचा फोटो, तिकीट, एजंटचे नंबर, पैसे भरल्याच्या पावत्या, आलेलं शेवटचं लोकेशन सगळं जोडा. गप्पांचे नुसते स्क्रीनशॉट काढून थांबू नका, मूळ फोन जपून ठेवा. कोर्टात पुढे तोच मागतात. आणि एजंटला फोन करून ‘पोलिसात जातो’ अशी धमकी अजिबात देऊ नका, त्या लोकांना माणूस दुसऱ्या जागी हलवायला एक रात्र पुरते.