इंडी बँडचा नवा अल्बम आला की श्रोत्यांची मतं इतकी टोकाची का असतात, आणि त्यातलं कोणाचं ऐकायचं?

तुमचा प्रश्न असा आहे की आवडत्या इंडी रॉक (म्हणजे मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांबाहेर रुजलेलं रॉक संगीत) बँडचा नवीन अल्बम आलाय, अर्धे लोक म्हणतायत एकदम मास्टरपीस, अर्धे म्हणतायत बँड संपला, तर नक्की कोणाचं ऐकायचं. माझ्या मते पहिल्या आठवड्यात जी मतं येतात ती बहुतेक करून मागच्या अल्बमबद्दल असतात. हे एकदा लक्षात आलं की त्या सगळ्या गोंधळातून कामाचं काय ते पटकन वेगळं काढता येतं.

आर्क्टिक मंकीज या ब्रिटिश बँडचंच बघा, कारण यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही. शेफील्डची पोरं, २००६ मध्ये पहिला अल्बम आला तेव्हा ब्रिटनमध्ये पहिल्याच आठवड्यात साडेतीन लाखांच्या वर कॉप्या गेल्या, आणि तोही डॉमिनोसारख्या स्वतंत्र लेबलवरून, म्हणजे छोट्या रेकॉर्ड कंपनीकडून. मग २०१३ ला 'एएम' आला, तो जड रिफ (गिटारवर परत परत वाजणारा सुरांचा तुकडा), तो दणकट ठेका, ज्यांनी आयुष्यात कधी इंडी रॉक ऐकलं नव्हतं ते पण या बँडला ओळखायला लागले. त्यानंतर पाच वर्षं नवीन अल्बम नाही. आणि २०१८ च्या मे महिन्यात एकही सिंगल, म्हणजे सुटं गाणं, आधी न काढता त्यांनी 'ट्रँक्विलिटी बेस हॉटेल अँड कसिनो' थेट आणून ठेवला, म्हणजे कोणाच्या कानाला आधी सवय व्हायचा प्रश्नच नव्हता.

आता 'एएम' डोक्यात ठेवून कोणी प्ले दाबलं तर काय ऐकू येतं? पहिलं गाणं जवळजवळ सहा मिनिटांचं. रिफ नाही. पियानो आणि कीबोर्ड, ड्रम्स अगदी मऊ, आणि बेस मात्र पुढे, मुख्य गायकासारखा चालतोय. वर बँडचा गायक ॲलेक्स टर्नर अर्धं गातोय अर्धं बोलतोय, आणि पहिल्याच ओळीत सांगतोय की मला फक्त स्ट्रोक्सपैकी (न्यूयॉर्कचा रॉक बँड) एक व्हायचं होतं. कोरसची वाट बघत बसावं तर गाणं भलतीकडेच वळतं. अख्खा अल्बम चंद्रावरच्या एका हॉटेलाभोवती फिरतो, आणि गाणी बहुतेक पियानोवर बसून लिहिलेली, गिटार बाजूला ठेवून. मग लोकांनी लिहिलं की गिटार कुठंय, झोप आली, हा टर्नरचा सोलो अल्बम आहे. आणि त्याच दिवशी दुसऱ्यांनी लिहिलं की यांनी आजवर केलेलं हे सगळ्यात हुशार काम आहे. दोघांनी तीच अकरा गाणी ऐकलेली.

तो अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरवर गेला, मर्क्युरी प्राइझ या तिथल्या अल्बम पुरस्काराच्या यादीतही आला. पण पहिल्या नंबरवर गेला म्हणजे लोकांना आवडला असं जे लोक सांगतात ते मला पटत नाही, कारण पहिल्या आठवड्यात विकत घेणारा माणूस अजून ऐकायचाच असतो, तो पैसे देतो ते मागच्या अल्बमच्या भरवशावर. शिव्या पण मागच्या अल्बममुळे आणि खप पण मागच्या अल्बममुळे.

आणि बँड बदलला म्हणूनच लोक चिडतात असंही नाहीये हां. स्ट्रोक्सचं अगदी उलटं झालं. २००१ च्या पहिल्या अल्बमने धुमाकूळ घातला, मग दुसऱ्यासाठी त्यांनी आधी नायजेल गॉडरिच या निर्मात्याबरोबर काम सुरू केलं, जमलं नाही, आणि परत जुन्याच निर्मात्याकडे, गॉर्डन राफाएलकडे गेले. २००३ मध्ये 'रूम ऑन फायर' आला आणि तक्रार काय, तर हा तर पहिल्यासारखाच आहे. आज तो नुसता, शेजारी पहिला अल्बम न ठेवता ऐकला तर किती घट्ट बांधलेला आहे हे कळतं, एक मिनिट पण फुकट नाही, आणि दोन गिटार एकमेकींत अशा विणल्यात की कुठली कधी पुढे येते ते मुद्दाम लक्ष देऊन शोधावं लागतं. म्हणजे बदललात तर का बदललात, नाही बदललात तर तेच तेच का. दोन्ही वेळा मोजपट्टी जुन्या अल्बमचीच.

यात मेंदूचाही भाग आहे. रॉबर्ट झायन्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये दाखवलं होतं की एखादी गोष्ट नुसती परत परत समोर आली तरी ती आवडायला लागते. जुनी गाणी आपण शेकडो वेळा ऐकलेली असतात आणि नवीन एकदा, त्यामुळे ही तुलना मुळातच बरोबरीची नसते. पण याचा अर्थ असा नाही की कुठलाही अल्बम दहादा ऐकला की चांगला होतो. कमकुवत गाणं जास्त ऐकलं की त्याचा पोकळपणाच जास्त दिसतो. म्हणून ज्यांना नाही आवडलं त्यांना "तुम्हाला कळलंच नाही" म्हणणारे फॅन मला अजिबात आवडत नाहीत, इतकी वर्षं ज्याने बँडला जीव लावला त्याला निराश व्हायचा पूर्ण हक्क आहे आणि कधीकधी त्याचंच बरोबर निघतं.

मग मतं वाचायची कशी? मी स्टार आणि आकडे सोडून देतो. ज्या मतात गाण्याचं नाव आहे, कुठल्या जागी काय होतं ते सांगितलंय, ते मत वाचायचं, भले ते विरोधात असो. "आवाज मिक्समध्ये गाडला गेलाय, शब्दच कळत नाहीत" ही तक्रार तुम्ही स्वतः दोन मिनिटांत तपासू शकता. "आत्मा हरवला" हे कसं तपासणार? दुसरं म्हणजे लिहिणाऱ्याला बँडचा कुठला अल्बम सगळ्यात आवडतो ते बघा, बहुतेक लोक पहिल्या दोन वाक्यांतच सांगून टाकतात. तुमचा आणि त्याचा आवडता अल्बम एक असेल तर त्याच्या निराशेला वजन द्या. ज्याचा आवडता अल्बम तुम्हाला कधीच जमला नाही त्याला जर नवीन आवडत नसेल तर कदाचित तुम्हाला तो आवडेलच. आणि कशावर ऐकलं ते फार महत्त्वाचं आहे, याकडे कोणी लक्ष देत नाही. वर ज्याचं सांगितलं तो २०१८ चा अल्बम फोनच्या स्पीकरवर लावला तर बेस जवळजवळ गायब होतो, आणि तिथे तर बेसच गाणं ओढून नेतोय, मग कंटाळवाणंच वाटणार ना. बरा हेडफोन लावून तेच गाणं ऐकून बघा.

अजून एक, पहिल्या आठवड्यात कुठलं गाणं टिकणार हे कोणालाच ओळखता येत नाही. '५०५' हे आर्क्टिक मंकीजच्या २००७ च्या अल्बममधलं शेवटचं गाणं, सिंगल म्हणूनही काढलेलं नव्हतं, आणि कित्येक वर्षांनी ते टिकटॉकवर अशा पोरांनी उचललं जी ते आलं तेव्हा बालवाडीत होती. त्यांच्याच २०२२ च्या 'द कार' या अल्बमला पण लोकांनी संथ संथ म्हणून बाजूला ठेवलं, पण त्यातलं 'बॉडी पेंट' लाइव्ह वाजवताना ते शेवट ताणत ताणत गिटार असं मोकळं सोडतात की "गिटार कुठंय" म्हणणाऱ्यांना उत्तर तिथेच मिळतं. त्यामुळे लाइव्ह रेकॉर्डिंग मिळालं तर ते ऐकल्याशिवाय मत पक्कं करू नका.

तुमचा बँड कुठला ते तुम्ही लिहिलं नाहीये, पण मी तुमच्या जागी असतो तर आठवडाभर त्यांची जुनी गाणी बंद ठेवली असती, नवा अल्बम ज्या क्रमाने लावलाय त्याच क्रमाने स्किप न करता ऐकला असता, दुसऱ्या वेळी शब्द समोर ठेवून, आणि लोकांची मतं त्यानंतरच उघडली असती.