सोलापुरात घरी वाईन करायला द्राक्षं, जांभळं वगैरे कुठं मिळतील?

लांब कशाला जाताय, नान्नज नाहीतर पंढरपूरकडं कासेगावला फेब्रुवारी-मार्चमध्ये चक्कर मारा, एक्सपोर्टचा माल गेल्यावर जे सुटे मणी उरतात ते बागवाला स्वस्तात देतो, वाईनला घडाचा शो कुठं लागतोय. काळी शरद सीडलेस मिळाली तर बघा, रंग येतो, थॉमसन ही हिरवी जात नुसती गोड, आंबटपणा कमी म्हणून थोडं लिंबू पिळायचं. फवारणी कधी झाली ते मात्र विचाराच.

जांभळं जूनमध्ये मार्केटला येतात, तुरटपणामुळं मला तीच जास्त आवडतात. डाळिंब सांगोल्याचं, फक्त दाण्यांमधला पांढरा पापुद्रा काढा नाहीतर कडू होते.

वेलच लावायची असेल तर डॉगरिज खुंटावर (म्हणजे खालचं मुळाचं झाड डॉगरिज जातीचं) द्राक्षाचं कलम करा, आपल्या खारट पाण्यात तग धरते.

आणि हो, महाराष्ट्रात बिनपरवाना दारू गाळणं गुन्हा आहे, घरची वाईनपण त्यात येते, आधी एक्साइजला, म्हणजे राज्य उत्पादन शुल्क खात्याला विचारा.