घरच्या बागेतला हापूस विकतो, वेबसाइटवर नेमकं काय लिहू?

देवगडची बाग आणि पेट्या थेट गिऱ्हाइकाला, असं तुम्ही म्हणता. मग 'दर्जा हीच आमची ओळख' छापाची वाक्यं आधी उडवा, ती सिमेंटवालाही लिहितो. लोक फोनवर जे विचारतात तेच उत्तरासकट लिहा: डझनाचा भाव, पुण्यात कधी पोचेल, कुरिअरचे पैसे वेगळे का. भावाच्या जागी 'संपर्क करा' दिसलं की माणूस दुसऱ्याच्या साइटवर जातो.

वर्णनात 'रसाळ, मधुर' नको. असं काहीतरी लिहा: "फळ २२० ते २५० ग्रॅम. पेंढ्याच्या अढीत पिकवलेलं, कार्बाइड नाही. पेटी आली की उघडा, हिरवट फळं पेंढ्यातच राहू द्या, फ्रिजमध्ये नको. वास सुटला आणि बोटाला जरा मऊ लागलं की कापा." साक्याबद्दलही (आतला गर पांढरट, स्पंजासारखा होतो तो दोष) मोकळेपणाने सांगा. तो बाहेरून दिसत नाही, कापल्यावरच कळतो. पुढे लिहा: "तसं फळ निघालं तर फोटो पाठवा, पैसे परत देऊ." माझ्या मते सगळ्या साइटवर हीच ओळ सर्वात जास्त विक्री करते (अर्थात, पाळलीत तर).

हापूसला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. तुमची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी असेल तर क्रमांक टाका, नसेल तर तो लोगो लावू नका.

फोटो स्वतःच्याच बागेतले. आणि हंगाम संपला की बुकिंगचं बटण काढून पुढच्या वर्षीसाठी व्हॉट्सअॅप नंबर घ्यायची सोय ठेवा.