कोऱ्या पानावर सही नको: ग्रामपंचायतीविषयी वाचकांचे प्रश्न

ग्रामसभेच्या तारखा जवळ आल्या की पत्रे वाढतात आणि त्यातले निम्मे प्रश्न आधीच्या वर्षीचेच असतात. पंचायत विस्तार अधिकारी म्हणून नोकरीत होतो तेव्हा हेच प्रश्न लोक पंचायत समितीच्या व्हरांड्यात गाठून विचारत. या वेळी काही निवडक पत्रांना उत्तरे देतो. तुमची कागदपत्रे माझ्यासमोर नाहीत. त्यामुळे पैसे देण्यापूर्वी किंवा तक्रार दाखल करण्यापूर्वी गटविकास अधिकारी कार्यालयात किंवा वकिलाकडे कागद दाखवूनच पुढे जा. ग्रामसेवकाच्या पदाचे नाव २०२४ मध्ये ‘ग्रामपंचायत अधिकारी’ असे झाले, पण पत्रांत सगळे ग्रामसेवकच लिहितात, म्हणून मीही तेच वापरतो.

नोकरीमुळे मी ठाण्यात राहतो. गावी वडिलोपार्जित घर आहे, घरपट्टी मी भरतो. ग्रामसभेत मला बोलता येईल का?

गावच्या मतदार यादीत नाव असेल तर येईल, नसेल तर नाही. घरपट्टीच्या पावतीने ग्रामसभेचे सदस्यत्व मिळत नाही.

मुलीचा जन्म तालुक्याच्या गावी दवाखान्यात झाला. आमची ग्रामपंचायत दाखला देत नाही. तक्रार कुठे करू?

तक्रार करू नका, ग्रामपंचायतीचे बरोबर आहे. जन्म जिथे झाला तिथल्या निबंधकाकडे नोंद होते. तालुक्याच्या गावी नगरपरिषद किंवा नगरपंचायत असेल तर आधी तिथे आणि दवाखान्यात चौकशी करा. २१ दिवसांच्या आत माहिती दिली असेल तर काहीच अडचण नाही. वर्ष उलटून गेले असेल तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय नोंद होत नाही, म्हणून या आठवड्यातच जा. दलालाला पैसे देऊ नका.

गावाला लागून दोन गुंठ्यांचा प्लॉट घेत आहे. विकणारा म्हणतो, ‘ग्रामपंचायत मंजूर आहे, शंभराच्या स्टॅम्पवर नोटरी करू आणि आठला तुमचे नाव लावून देतो.’ आठ अ चा उतारा मिळाला की प्लॉट माझ्या मालकीचा होतो ना?

होत नाही. पैसे दिले नसतील तर थांबा.

इथे दोन वेगळ्या कागदांची गल्लत होते आहे आणि विकणाऱ्याला ती हवीच असते. तलाठ्याकडचा आठ अ म्हणजे एका खातेदाराच्या नावावर गावात किती जमीन आहे त्याचा उतारा. ग्रामपंचायतीचा नमुना ८ म्हणजे कर आकारणीची नोंदवही. कोणत्या घराला किती कर लावायचा, एवढ्यासाठीच ती ठेवतात. तिच्यात मालकाचा रकाना वेगळा आणि भोगवटा करणाऱ्याचा वेगळा असतो. तो उतारा हातात घ्या आणि तुमचे नाव कोणत्या रकान्यात येणार आहे ते विचारा. बहुतेक वेळा उत्तर तिथेच मिळते. आणि नाव मालकाच्या रकान्यात आले तरी मालकी सिद्ध होत नाही, हे न्यायालयांनी पुन्हा पुन्हा सांगितले आहे. ग्रामपंचायत विनापरवाना बांधकामालाही कर लावू शकते. कर लागला म्हणून ते बांधकाम कायदेशीर ठरत नाही.

‘ग्रामपंचायत मंजूर प्लॉट’ हे शब्द फलकावर दिसले की खिशाला हात लावण्याआधी मंजुरीचा कागद मागा. शेतजमिनीचे तुकडे पाडून रेखांकन मंजूर करण्याचा अधिकार ग्रामपंचायतीला नाही. तुकडेबंदीचे नियम अलीकडे बदलत आहेत आणि या बदलांचा सोयीचा अर्थ लावून प्लॉट विकणारेही वाढले आहेत. तेव्हा सातबारा, फेरफार, रेखांकनाचा मंजुरी आदेश आणि दुय्यम निबंधकांकडे नोंदणी होणारे खरेदीखत, या चारही गोष्टी मालमत्तेचे काम करणाऱ्या वकिलाला दाखवा. नोटरी केलेल्या कागदाने स्थावर मालमत्ता हस्तांतरित होत नाही.

जुन्या गावठाणातल्या घरांची अडचण वेगळी आहे. तिथे पिढ्यान्‌पिढ्या सातबाराही नव्हता आणि मिळकत पत्रिकाही (प्रॉपर्टी कार्ड) नव्हती, म्हणून लोक नमुना ८ वरच विसंबले. त्यासाठीच ड्रोनने गावठाणे मोजण्याचे काम हाती घेतले गेले. महाराष्ट्रात त्याचा पहिला प्रयोग पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात झाला, आणि २४ एप्रिल २०२० रोजी केंद्राने स्वामित्व योजना जाहीर केली. तुमच्या गावाची मोजणी झाली असेल तर मिळकत पत्रिकेवर नाव, क्षेत्र आणि हद्द बरोबर आहे का ते आजच पाहा. चूक असेल तर भूमी अभिलेख कार्यालयात लेखी हरकत द्या. भावाभावांत वाटणी तोंडी झाली असेल तर आधी वकिलाचा सल्ला घ्या.

आमच्या गावात ग्रामसभा होते म्हणतात, पण आम्हाला कळत नाही. शिपाई घरी रजिस्टर घेऊन येतो, ‘हजेरीची सही करा’ म्हणतो. सगळेच करतात. आता माझ्या सहीने एका कामाला मंजुरी दिली गेल्याचे कळले. मी तर त्या सभेला नव्हतो.

नोकरीच्या सगळ्या वर्षांत मला सर्वांत जास्त अस्वस्थ कशाने केले असेल, तर ते याच रजिस्टरने. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ७ प्रमाणे वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. बहुतेक गावांत २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर हे दिवस ठरलेले आहेत. सर्वसाधारण सभेची सूचना सात दिवस आधी द्यायची असते, फलकावर लावून आणि दवंडी पिटवून. गणपूर्तीला, म्हणजे कोरमला, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांपैकी जो आकडा कमी तो लागतो. म्हणजे पाचशे मतदारांच्या गावात ७५ आणि सोळाशे मतदारांच्या गावात १००. ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घ्यायची असते. ती ‘झाली’ असे लिहून टाकणारी गावे मी पाहिली आहेत, आणि तिथल्या बायकांना त्याचा पत्ताही नव्हता.

आता प्रत्यक्षात काय होते ते पाहा. सभेला वीस माणसे येतात. कोरम नाही म्हणून सभा तहकूब होते. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. मग तीच वीस माणसे पुन्हा बसतात आणि सोळाशे मतदारांच्या गावाचा निर्णय घेतात. कायद्याने ही सोय काम अडू नये म्हणून ठेवली. गावाने घरी बसून तिचा नेम करून टाकला. तहकूब सभेत मूळ विषयपत्रिकेतलेच विषय घेता येतात, नवा विषय घेता येत नाही, एवढेही पुष्कळांना माहीत नसते. आणि काही ठिकाणी वीस माणसेही येत नाहीत, तेव्हा रजिस्टर दारोदार फिरते.

तुम्ही ज्याला हजेरी समजून सही करता, ती उद्या एका ठरावाला हजर असल्याचा पुरावा ठरते. घरकुलाचे लाभार्थी कोण, कोणता रस्ता आधी, कोणत्या कामाला मान्यता, हे त्या ठरावांवर ठरते. खर्चाचा हिशेब आणि लेखापरीक्षणाचा अहवालही ग्रामसभेसमोर ठेवायचे असतात. ते कधी वाचले गेले का, असे मी ज्या ज्या गावात विचारले तिथे बहुतेक लोक एकमेकांकडे पाहत राहिले. गावाला हक्क नाही असे नाही. हक्क आहे आणि तो सहीसकट शिपायाच्या हातात दिला जातो.

गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) या छोट्या गावाने याच ग्रामसभेच्या जोरावर २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला. तिथे अभ्यासगटात विषय समजून घेतात आणि मग सगळ्यांच्या सहमतीने निर्णय करतात. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने मे २०२२ मध्ये विधवांच्या अपमानकारक प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांना तसे करण्याचे आवाहन केले. नुसत्या कायद्याने यांतले काहीच झाले नसते. लोक सभेला येऊन बसले होते, एवढाच फरक.

तुमच्या प्रकरणात हे करा. त्या सभेची सूचना, विषयपत्रिका, हजेरी आणि इतिवृत्त यांच्या प्रमाणित प्रती माहितीच्या अधिकारात मागा. अर्जाला दहा रुपये लागतात आणि उत्तराची मुदत ३० दिवस आहे. सही झाली पण हजर नव्हते, असे आणखी कोण आहेत ते शोधा आणि एकत्र सह्यांनिशी गटविकास अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या, पोच घ्या. एकट्याची तोंडी तक्रार कुठेच जात नाही. पुरेसे कारण नसताना ग्रामसभा न घेणाऱ्या सरपंचावर अपात्रतेपर्यंत कारवाई होऊ शकते आणि ग्रामसेवकही त्यातून सुटत नाही. मात्र पाऊल उचलण्याआधी वकिलाशी बोला, कारण ‘मी सही केली पण हजर नव्हतो’ हे लिहून देताना त्याचा परिणाम तुमच्यावरही होतो.

आणि यापुढे शिपाई आला तर सही करू नका. त्याच्यावर रागावू नका, तो बिचारा सांगितलेले काम करतो. सभेला जा. मागच्या सभेचे इतिवृत्त वाचून दाखवायला सांगा. ठराव मांडला की त्याचा क्रमांक, सूचक, अनुमोदक तिथेच लिहून घेतला जातो का ते पाहा आणि मगच सही करा. पान कोरे असेल तर नाही म्हणा.

सरपंच म्हणतात, वित्त आयोगाचा पैसा पाण्यालाच वापरायचा, रस्त्याला नाही. मोबाईलवर तर ‘प्रत्येक गावाला एक कोटी’ असा मेसेज फिरतो. खरे काय?

मेसेज पुढे पाठवू नका. निधी लोकसंख्या आणि क्षेत्रफळ पाहून येतो, सगळ्या गावांना सारखा नाही.

सरपंचांचे म्हणणे अर्धे खरे आहे. १५व्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळातल्या अनुदानात ६० टक्के बंधित (ठरवून दिलेल्या कामांसाठीच) आणि ४० टक्के अबंधित अशी विभागणी ठरली. बंधितातला निम्मा स्वच्छतेवर, निम्मा पिण्याचे पाणी आणि जलसंधारणासारख्या कामांवर. अबंधितातून रस्ता होऊ शकतो, पण तो गावाच्या विकास आराखड्यात असला पाहिजे. पगारावर हा निधी खर्च करता येत नाही. तुमच्या पंचायतीला किती आले आणि कशावर गेले, हे ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर कामनिहाय पाहता येते. पाहा, नोंद करून घ्या आणि प्रश्न चहाच्या टपरीवर नको, ग्रामसभेत विचारा. निकष आयोगागणिक बदलतात, म्हणून चालू वर्षाचे नियम पंचायत समितीत विचारून घ्या.

मी माजी सैनिक आहे. घरपट्टी माफ होते का?

होते, एका घराची. २०२० मध्ये राज्याने तशी योजना आणली. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे प्रमाणपत्र जोडून ग्रामपंचायतीत अर्ज द्या.

मी पहिल्यांदाच सरपंच झाले आहे. बँकेचे आणि पोर्टलचे सगळे मिस्टर आणि ऑपरेटर बघतात. डोंगलही त्यांच्याकडेच असते. काही बिघडते का?

ताई, बिघडते, आणि बिघडल्यावर नाव तुमचे येते. डिजिटल सही ही तुमचीच सही आहे. डोंगल आणि त्याचा पिन दुसऱ्याकडे असणे म्हणजे सह्या केलेले कोरे चेकबुक देऊन ठेवण्यासारखे आहे. ज्या कामाचे मोजमाप पुस्तक तुम्ही पाहिले नाही, त्याचे पैसे तुमच्या सहीने गेले तर उद्या वसुलीची नोटीस तुम्हालाच येईल. घरच्या माणसाचा हेतू चांगला असला तरी हेच उत्तर.

आज डोंगल परत घ्या आणि पिन बदलून घ्या. पैसे देण्याआधी तीन गोष्टी पाहा: ठराव, मोजमापाची नोंद, बिल. समजले नाही तर थांबा आणि शाखा अभियंत्याला लेखी विचारा. पुरुषमंडळींनी खुर्चीशेजारी खुर्ची टाकून कारभार करू नये, असे शासनाने लेखी सांगितले आहे, हे घरी सांगायला संकोचू नका. सरपंचांचे प्रशिक्षण असते ते चुकवू नका, आणि तिथे स्वतः जा. आतापर्यंतच्या व्यवहारांत शंका वाटत असेल तर आधी विस्तार अधिकाऱ्यांना भेटा, उशीर करू नका.

देशी दारूचे दुकान बंद करण्याचा ठराव ग्रामसभेने केला. वर्ष झाले, दुकान सुरूच आहे.

परवाना असलेले दुकान नुसत्या ठरावाने बंद होत नाही. २००८ च्या आदेशाप्रमाणे गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी, किंवा एकूण मतदारांपैकी २५ टक्क्यांनी, सह्यांचा अर्ज राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे द्यायचा असतो. सह्यांची पडताळणी होते आणि मग गुप्त मतदान. आडव्या बाटलीला, म्हणजे दुकान बंद करण्याच्या बाजूला, यादीतल्या एकूण मतांच्या निम्म्याहून जास्त मते पडली पाहिजेत, मतदानाला आलेल्यांच्या निम्मी नव्हेत. अनेक गावांत बहुमत बायकांच्या बाजूने असूनही दुकान राहिले ते याच कारणाने. अवैध दारू असेल तर मतदानाची वाट पाहायची गरज नाही, पोलिसांत आणि उत्पादन शुल्क कार्यालयात तक्रार द्या.

अर्जाचा मसुदा उत्पादन शुल्कच्या जिल्हा कार्यालयातून तपासून घ्या आणि सह्या घेण्याआधी अद्ययावत मतदार यादी मिळवा. यादीतले नाव आणि सही जुळली नाही तर पडताळणीत सही बाद होते. मतदानाच्या दिवशी ऊसतोडीला, माहेरी किंवा शहरात कामाला गेलेल्या किती बायका परत आणता येतील, ते वस्तीवस्तीवर बसून मोजा आणि तो आकडा निम्म्याच्या पुढे जात असेल तरच तारीख मागा.