वाचकांचे प्रश्न : बोलणं असं मध्येच का अडखळतं?

प्रश्न : मुलगा दोन वर्षांपूर्वी टोरांटोला गेला. दर रविवारी व्हिडिओ कॉल असतो पण सारखं दोघं एकदम बोलतो, मग दोघंही गप्प, मग "तू बोल, तू बोल". मी काही विचारलं की उत्तर जरा उशिरानेच येतं. इथे होता तेव्हा तासन् तास गप्पा व्हायच्या. आता त्याला माझ्याशी बोलायचा कंटाळा येतो का?
– एक आई, सांगली

उत्तर : ताई, आधी हे सांगते की नुसत्या त्या उशिरावरून कंटाळ्याचा निष्कर्ष काढू नका, प्लीज. तुम्ही जे वर्णन केलंय ते जवळजवळ सगळं इंटरनेटच्या लाइनमुळे होतं.

समोरासमोर बोलताना आपण किती फास्ट असतो याची आपल्याला कल्पनाच नसते. २००९ मध्ये जगातल्या १० भाषांमधल्या रोजच्या गप्पा रेकॉर्ड करून तपासल्या होत्या, त्यात प्रश्न संपला की उत्तर सुरू व्हायला सरासरी साधारण २०० मिलिसेकंद लागतात असं दिसलं, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. जपानी लोक याहून झटपट, डॅनिश जरा सावकाश, पण फरक अर्ध्या सेकंदाच्या आतलाच. आणि गंमत बघा, एक साधा शब्द डोक्यात जुळवून तोंडातून काढायला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो, म्हणजे ऐकणारा माणूस समोरच्याचं वाक्य संपायच्या आधीच ते कुठे संपणार हे ओळखून उत्तर तयार करत असतो. संवादात ऐकणारा नुसता बसलेला नसतो, तो निम्मं काम करत असतो, आणि मला तर यातली हीच गोष्ट सगळ्यात जास्त आवडते.

आता यात लाइन घाला. सांगली ते टोरांटो सरळ रेषेत १२ हजार किलोमीटरच्या वर, फायबरमध्ये, म्हणजे इंटरनेटच्या काचेच्या तारेत, प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे नुसता प्रवासच ६० मिलिसेकंद, आणि केबल काही सरळ जात नाही. वर व्हिडिओ आकुंचित करणं, वायफाय, अ‍ॅप आवाज थोडा साठवून मग वाजवतं ते, सगळं धरून जाताना उशीर आणि येताना परत तेवढाच. तुम्ही विचारता "जेवलास का?" आणि थांबता. त्याने लगेच "हो आई" म्हटलेलं असतं पण ते अजून वाटेत असतं. तुम्हाला वाटतं ऐकू गेलं नाही, म्हणून तुम्ही "हॅलो, आवाज येतोय का?" म्हणता, तेवढ्यात त्याचं "हो" येऊन धडकतं, तिकडे तुमचं हॅलो त्याच्या पुढच्या वाक्यावर पडतं. मग दोघंही गप्प! त्यात स्पीकरवर असाल तर एको येऊ नये म्हणून अ‍ॅप कधीकधी एकाचा आवाज दाबूनच टाकतं.

मनाला लागतं ते वेगळ्याच कारणाने. "रविवारी येतोस का जेवायला?" यावर समोरचा सेकंदभर गप्प राहिला तर तो नाही म्हणणार हे त्याने तोंड उघडायच्या आत आपण ओळखतो, कारण नकार द्यायला माणूस घुटमळतो. ही सवय इतकी मुरलेली असते की मशीनमुळे झालेला उशीरही आपण माणसाच्या खात्यावर टाकतो. २०१४ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी मुद्दाम उशीर घालून लोकांना फोनवर बोलायला लावलं, तर लोकांना पलीकडचा माणूसच कमी आपुलकीचा, कमी लक्ष देणारा वाटला.

करायचं काय, तर दोघांनीही हेडफोन लावा, फरक लगेच कळेल. प्रश्न विचारलात की एक श्वास थांबा, हॅलो म्हणू नका. त्याचं बोलणं चालू असताना तोंडाने "हं, हं" करण्याऐवजी मान हलवा, कारण तो हुंकार तिकडे उशिरा पोचतो आणि त्याला वाटतं तुम्हाला काही बोलायचंय. लांबलचक सांगायचं असेल तर व्हॉइस मेसेज टाका, त्यात कोणी कोणाला अडवत नाही. आणि हे उत्तर त्यालाही वाचून दाखवा, कारण आई आपलं बोलणं मध्येच तोडते असं कदाचित त्यालाही वाटत असेल.

प्रश्न : ऑफिसच्या ट्रेनिंगमध्ये सांगितलं की संवाद ९३ टक्के देहबोली आणि आवाजातून होतो, शब्द फक्त ७ टक्के. खरं आहे का?
– सेल्समधला एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही, आणि हे आकडे अजून ट्रेनिंगमध्ये शिकवले जातात याचं मला खरंच वाईट वाटतं. ते आलेत मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या दोन छोट्या प्रयोगांतून. त्यात लोकांना सुटे सुटे शब्द वेगवेगळ्या सुरात ऐकवले, एकात सोबत चेहऱ्यांचे फोटो दाखवले, आणि विचारलं की बोलणाऱ्याला समोरचा आवडतो की नाही. म्हणजे प्रश्न फक्त भावनेचा होता. शब्द एक सांगतोय आणि चेहरा दुसरंच, तेव्हा आपण चेहऱ्यावर विश्वास ठेवतो, एवढंच त्यातून घ्यावं. हे आकडे सगळ्या संवादाला लावू नका असं खुद्द मेहराबियन यांनीच स्पष्ट केलंय. तुमच्या ग्राहकाला हप्ता किती, वॉरंटी किती वर्षांची, सर्व्हिसिंग कुठे होणार हे कळायला हवं असतं आणि ते शब्दांतूनच कळतं, तेव्हा तयारीचा जास्त वेळ तिथे द्या.