पहिल्या डाइव्हसाठी ग्रँड आयलंड चालेल का? चालेल, पण थोडं ऐकून घ्या

तुम्ही दोघं आणि ११ वर्षांची मुलगी, डिसेंबरात कोल्हापूरहून येताय, पोहायला कुणालाच धड येत नाही, आणि प्रश्न असा की गोव्यातल्या ग्रँड आयलंड बेटाजवळ स्कूबा (पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली उतरणं, म्हणजेच डाइव्ह) करावं की तिथलं पाणी गढूळ म्हणून सरळ कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाला जावं. माझं मत विचाराल तर पहिली डाइव्ह ग्रँड आयलंडलाच करा.

गढूळपणाबद्दल ऐकलंय ते खरंय. मांडवी आणि झुआरीचा गाळ तिथं जवळच समुद्रात येतो, त्यामुळे साधारण ३ ते ८ मीटरपर्यंतचंच दिसतं, अंदमानचे निळेशार फोटो डोक्यात ठेवून आलात तर हिरमोड होणार. नेत्राणीला पाणी स्वच्छ असतं पण मुरुडेश्वरहून बोटीने दीडेक तास भर समुद्रात जायचं, आणि एकदा बोट लागून मळमळायला लागलं की मग पाण्यात उतरायची इच्छाच राहत नाही. ग्रँड आयलंडला मात्र बेटाच्या आडोशाला नांगर टाकतात, पाणी शांत, नवख्यांना उथळ भागातच नेतात, आणि पहिल्यांदा तेच लागतं हो. लांबचं दिसण्यापेक्षा श्वास आणि कान जमणं महत्त्वाचं. फक्त सकाळची बोट घ्या, दुपारी वारा सुटतो आणि पाणी खवळतं.

आता कानांचं, कारण निम्मे लोक इथंच घाबरून वर येतात. पाण्याचा दाब पहिल्या १० मीटरमध्येच दुप्पट होतो, म्हणजे कानाला सगळ्यात जास्त त्रास वरच्या चार-पाच मीटरमध्येच होतो, खोल गेल्यावर उलट सोपं जातं हे कुणी आधी सांगत नाही. मास्कवरून नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचं, कानात बारीकसा टक् असा आवाज येतो, आणि हे दुखायच्या आधीच करायचं, हातभर उतरलं की एकदा, परत हातभर की परत. दुखलंच तर जोर अजिबात लावू नका, इन्स्ट्रक्टरला कानाकडे बोट दाखवा, थोडं वर या, कान मोकळा झाला की मग खाली. कुणाला सर्दी असेल तर त्याने त्या दिवशी उतरूच नये, अॅडव्हान्स बुडाला तर बुडू दे.

दुसरं म्हणजे श्वास कधीच रोखायचा नाही. १० मीटरवर छातीत भरलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट जागा मागते आणि तोंड बंद असेल तर फुफ्फुसाला इजा होते, म्हणून रेग्युलेटरमधून, म्हणजे तोंडात धरायच्या हवेच्या नळीतून, सावकाश घ्या, सावकाश सोडा, बस. आणि अंगठा वर दाखवला की त्याचा अर्थ 'मला वर जायचंय' असा होतो, सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनीचं गोल करायचं, मुलीकडून हे हॉटेलच्या खोलीवरच दहा वेळा करून घ्या.

वयाचं विचारलं होतं, १० वर्षं पूर्ण असली की चालतं आणि अशा ट्रायल डाइव्हला जास्तीत जास्त १२ मीटरची मर्यादा असते. पोहता येत नसलं तरी इन्स्ट्रक्टर धरून नेतो, पण दमा, हृदयाचा त्रास, कानाचं ऑपरेशन यातलं काहीही असेल तर फॉर्मवर लपवू नका, आधी डॉक्टरांना विचारा.

बीचवर जे दारू, जेवण, वॉटर स्पोर्ट्स आणि वर स्कूबा असं सगळं एकत्र स्वस्तात विकतात ना, ते कृपा करून घेऊ नका. दोन-तीन मीटरवर दोरीला धरून पाच मिनिटं, व्हिडिओ काढला, संपलं. बुक करतानाच विचारा, एका इन्स्ट्रक्टरमागे किती माणसं, उथळ पाण्यात सराव आधी करून घेणार का, पाण्याखाली किती वेळ. नीट उत्तर देत नसतील तर दुसरीकडे जा.

खाली काय दिसतं म्हणाल तर तांबोशी, गोबरा, केंड, पोपटमासे, आणि काळ्या पट्ट्यांचे सार्जंट मासे तर घोळक्याने. या सार्जंटांतला नर खडकावर जांभळट अंड्यांचा थर राखत बसतो, तळहाताएवढा जीव पण जवळ गेलात की सरळ अंगावर धावून येतो, एका जागी स्थिर राहून दोन मिनिटं बघत राहा, लांबचं दिसत नाही याची आठवणही येणार नाही. प्रवाळाला हात लावायचा नाही, पाय टेकायचा नाही आणि तुटलेला तुकडासुद्धा उचलायचा नाही, वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे कोल्हापूरकर हमखास विसरतात. डाइव्हनंतर रक्तात नायट्रोजन उरलेला असतो आणि उंचीवर हवेचा दाब कमी झाला की त्याचे बुडबुडे होऊ शकतात, म्हणून एका डाइव्हनंतर १२ तास आणि जास्त केल्या तर १८ तास विमान टाळतात. तुम्ही विमानाने जाणार नाही, पण आंबोली घाट सातशे मीटरच्या आसपास आहे, त्यामुळे घाटालाही तोच हिशेब लावा. सकाळी डाइव्ह आणि संध्याकाळी गाडी काढून घरी, असं अजिबात नको. ट्रिपच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशीच डाइव्ह ठेवा, मंगेशी, जुनं गोवं, मासळीची थाळी हे सगळं नंतरच्या दिवसांत बसतं.